थांबा मिस्त्रीने नापास केलेलं विमान

डॉक्टर पुन्हा तक्ता घेऊन आले, तेव्हा मिस्त्री एका विमानाच्या पोटाखाली फळीवर उताणा पडला होता. आधी बूट दिसले. हँगरमध्ये इतके चकचकीत बूट दुसऱ्या कुणाचे नव्हते. मिस्त्रीने पाना छातीवर ठेवला आणि श्वास रोखला. आपण इथे नाहीच, असं त्याने ठरवलं.

"मिस्त्री," डॉक्टर वाकून म्हणाले, "पाय दिसतायत तुमचे."

मिस्त्री बाहेर सरकला. उठताना गुडघ्याने आवाज केला, तो दोघांनी ऐकला न ऐकल्यासारखा केला. डॉक्टरांनी विमानांना गुण दिलेला तो तक्ता पंखावर पसरला. पंखावर काही पसरलेलं मिस्त्रीला खपत नसे. त्याने तक्ता उचलला, पंख बाहीने पुसला आणि तक्ता डॉक्टरांच्याच हातात दिला.

"या वेळी वेगाला जास्त गुण दिलेत," डॉक्टर म्हणाले.

"मागच्या खेपेला आरामाला दिले होते."

"तेव्हा माझी पाठ दुखत होती. आता बरी आहे."

मिस्त्रीने पाना पुसायला घेतला. ज्याच्या पाठीच्या दुखण्यावर विमान ठरतं, त्याच्याशी बोलून काय होणार?

हे डॉक्टर दातांचे. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघायचे आणि सुट्टीच्या दिवशी आकाशात जायचे. त्यांचं जुनं विमान मिस्त्रीनेच सांभाळलं होतं, ते विकून झालं. आता त्यांना चांगलं हवं होतं. एकाच इंजिनाचं, पेट्रोलवर चालणारं, स्वतः चालवायचं, पण त्या जातीतलं सगळ्यात वरचं. अशी विमानं थोडी असतात आणि घेणारे त्याहून थोडे. हे घेणारे इतका विचार करतात की विचारातच विमान जुनं होतं. अमुक विमान त्याच गावी पाव तास आधी पोचतं, म्हणून डॉक्टर आठवडाभर खूश असायचे. "आधी पोचून करणार काय?" मिस्त्रीने एकदा विचारलं. "चहा पिऊन परत," डॉक्टर म्हणाले. म्हणजे चहा पाव तास आधी. मिस्त्रीने कपाळाला हात लावला होता, आणि हाताला ग्रीस होतं.

जुन्या विमानाची जागा हँगरमध्ये मोकळीच होती. तेल झेलायचा पत्र्याचा ट्रे मात्र मिस्त्रीने उचलला नव्हता. वरून कधीतरी काहीतरी गळेल या आशेवर तो एकटाच पडून होता.

मिस्त्रीला सगळे थांबा मिस्त्री म्हणत. नाव रंगाऱ्याने ठेवलं होतं. हा रंगारी विमानं रंगवायचा, आणि दोघं एकाच सुमाराला कामाला लागलेले. विमान बाहेर निघालं, पंखा फिरायच्या बेतात असला, की मिस्त्रीचा हात वर जायचा. "थांबा." मग तो एखादा स्क्रू पुन्हा आवळायचा, टायर हाताने दाबून बघायचा, बोटाने तेलाचा थेंब पुसून बोटाचा वास घ्यायचा. आत बसलेला माणूस घड्याळ बघायचा, उसासे टाकायचा. पण मिस्त्रीने सोडलेलं विमान कधी अर्ध्या वाटेतून परत आलं नव्हतं. त्यामुळे चिडणारे पुन्हा त्याच्याकडेच यायचे. त्या धावपट्टीवर "मिस्त्री काय म्हणाला?" हा प्रश्न किमतीच्या आधी विचारला जायचा.

घरी मात्र त्याने बायकोला एक शब्द दिला होता आणि तो लोंबकळत होता.

बायको शिवणकाम करायची. नवे कपडे शिवणं कमी, दुसऱ्याने शिवलेले उसवून नीट करणं जास्त. मशीन घरातल्या बोळात, खिडकीला चिकटून. कापड बेतायचं तर स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं करायचं. जेवायची वेळ झाली की कापड उचलायचं, जेवणं झाली की पुन्हा पसरायचं. संसार केला तो अशा उचलण्या-पसरण्यात. तिच्या धाकट्या बहिणीचं दुसऱ्या गावी कापडाचं दुकान होतं, आणि दुकानाला लागून एक खोली. दार रस्त्यावर, दोन बाजूंनी उजेड, मधोमध मोठं टेबल राहील एवढी जागा. ती खोली बहिणीने ताईसाठी धरून ठेवली होती. मिस्त्रीने काम सोडायचं आणि दोघांनी तिकडे जायचं, हे ठरलेलं. मिस्त्रीची एकच अट होती.

"डॉक्टरांचं नवं विमान तेवढं लावून देतो. मग पाना खाली."

डॉक्टरही म्हणत होते की मिस्त्रींनी तपासल्याशिवाय मी विमान घेणार नाही. बायकोला वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे. थंडी गेली, उन्हाळा गेला. खोली धरलेली ती धरलेलीच, आणि मिस्त्री आपला विमानाच्या पोटाखाली.

पहिलं आलं ते छत्री. हँगरमध्ये विमानाला कुणी कंपनीच्या नावाने हाक मारत नाही. रंगारी बघतो आणि बारसं करून टाकतो. या विमानाचं अंग पत्र्याचं नव्हतं, काचतंतूचं होतं, साच्यातून काढल्यासारखं गुळगुळीत. चाकं खाली ठाम, आत-बाहेर होणारी नाहीत, म्हणजे बिघडायला एक गोष्ट कमी. पुढे आकडे-नकाशे दाखवणारे मोठे पडदे, आत गार हवा. आणि पाठीत घडी करून ठेवलेली छत्री. आकाशात काही भलतंच झालं तर छतातली लाल मूठ ओढायची. छत्री उघडते आणि अख्खं विमान माणसांसकट खाली उतरतं. डॉक्टरांच्या बायकोला विमानातलं एवढंच कळलं होतं आणि तिला तेवढं पुरेसं होतं. "लाल मूठ आहे ना? मग घ्या," असं सांगून ती गाडीत जाऊन बसली होती.

मिस्त्रीने नाणं घेऊन अंगभर टकटक केली. आत थर सुटला असेल तर आवाज बद्द येतो. कुठे बद्द आला नाही. इंजिन चांगलं, ब्रेक चांगले, छत्रीची मुदत शिल्लक. मग त्याने उजवं दार लावलं. वरची खिटी बसली, खालची बसली नाही. पुन्हा लावलं. जोरात ओढलं की बसायची.

"थांबा," मिस्त्री म्हणाला.

"अहो, दार आहे," विमान विकणारा दलाल म्हणाला. "जरा जोरात ओढायचं."

"विमानाचं दार ओढायचं नसतं. बसायला पाहिजे."

"म्हणजे नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे थांबा."

डॉक्टर घरी गेले आणि त्यांनी आयुष्यातला पहिला तक्ता केला.

मग बैठक आली. पत्र्याचं विमान, चाकं पोटात दुमडणारी, जागा सहा, त्यातल्या मागच्या चार समोरासमोर. डॉक्टर हरखले. सगळ्यांना घेऊन जाऊ म्हणाले. मिस्त्रीची इथे एक रीत होती. कागदावरचं वजन तो मानत नसे. कोण कोण येणार ते विचारायचं, तेवढ्या वजनाची वाळूची पोती भरायची, एकेका जागेवर बसवून पट्टे लावायचे आणि मग विमान किती दबतं ते बघायचं. डॉक्टरांनी स्वतःचं वजन सांगितलं. मिस्त्रीने त्यांच्या पोटाकडे बघितलं आणि पोत्यात आणखी दोन फावडी वाळू टाकली.

"एवढा नाहीये मी!"

"कपडे धरलेत."

पोती समोरासमोर बसली, जणू घराच्या वाटणीची बोलणी चालली आहेत. टाकी भरली आणि हिशेब जमेना. सगळी माणसं न्यायची तर पेट्रोल कमी, पेट्रोल भरायचं तर माणसं कमी.

"एकाला उतरवा," मिस्त्री म्हणाला. "कोण?"

"मेव्हणा," डॉक्टर विचार न करता म्हणाले.

मेव्हणा काढला. तरी जमेना. डॉक्टर खिन्न होऊन म्हणाले, "तसे बहुतेक वेळा आम्ही दोघंच जातो." मग सहा जागा कशाला, हे मिस्त्रीच्या तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात त्याला चाकाची झडप बंद होताना घासलेली दिसली. "थांबा," तो म्हणाला. डॉक्टरांचा तक्ता लांबला.

तिसरा बगळा. पंख डोक्यावर, पाय उंच, गवतावरही उतरेल असा भरवशाचा, पण सावकाश. डॉक्टरांचा जीव त्यात नव्हता, तरी तक्त्यात तो पहिला आला म्हणून त्यांनी मन घट्ट केलं. मिस्त्रीला सीट सरकायच्या रुळाची भोकं झिजलेली दिसली. "थांबा." मग डॉक्टर तक्त्यातल्या गुणांचे भाव बदलत बसले, आणि तक्ता पंखावर पसरण्याचा तो चकचकीत बुटांचा दिवस उजाडला.

"वेगाला जास्त गुण दिले की कोण वर येतं?" मिस्त्रीने एकदाचं विचारलं.

"पुन्हा छत्रीच," डॉक्टर म्हणाले. "पण तिला तुम्ही नाही म्हणालात."

मिस्त्री फळीवर पडला आणि पुन्हा विमानाखाली गेला.

त्या दिवशी तो घरी आला तेव्हा बायको एका कोटाला टाचण्या लावत होती. टाचण्या ओठांत धरलेल्या, त्यामुळे ती तोंडाच्या कोपऱ्यातून बोलत होती.

"धाकटीचा फोन होता. खोलीला गिऱ्हाईक आलंय. केस कापणारी आहे कुणी. रविवारपर्यंत सांग म्हणते, नाहीतर तिला देते."

"देईल कशी? तुझी सख्खी बहीण ना ती?"

"सख्खी आहे म्हणून इतके दिवस धरली. परकी असती तर कधीच दिली असती."

"मग मी काय करू? तो डॉक्टर ठरवेल तर शपथ! माणूस नाही, तराजू आहे. नुसता वर-खाली, वर-खाली. नाकी नऊ आणलेत त्याने."

बायकोने टाचण्या तोंडातून काढून उशीत खोचल्या. हे लक्षण चांगलं नव्हतं. टाचण्या काढल्यावर ती नीट बोलायची.

"मलाही आधी तसंच वाटायचं," ती म्हणाली. "पण मला सांगा, छत्रीला नाही कोण म्हणालं?"

"दार बसत नव्हतं."

"बैठकीला?"

"झडप घासत होती चाकाची."

"बगळ्याला?"

"रुळाची भोकं..."

"म्हणजे डॉक्टर दर वेळी घ्यायला तयार, आणि दर वेळी थांबा तुमचं."

"मग खोटं सांगू? दोष होते!"

"असतील ना. माझ्याकडे कोट येतो, अस्तर उसवलेलं. मी काय सांगते, कोट टाकून द्या?"

"कोट आकाशात जात नाही!"

"तुम्ही तरी कुठे जाता?" बायको म्हणाली आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या. तिचं बोलून झालं होतं.

मिस्त्री तडक बाहेर पडला. पायात घरातल्या सपाता होत्या, त्यामुळे राग कोपऱ्यापर्यंतच पुरला. परत येताना त्याने मनाशी ठरवलं, आता जे विमान येईल त्याला चालेल म्हणायचं. फार झालं. तिलाही दाखवू आणि डॉक्टरलाही.

आणि आलं तेही असं की नाही म्हणायला तोंड उघडू नये. दलालाने ते खास आणलं होतं. आत दुधी रंगाचं चामडं, लाकडी पट्ट्या, इंजिनाला जास्तीची हवा कोंबणारा टर्बो, उंचावर लागणाऱ्या प्राणवायूची सोय. अंगावर एक ओरखडा नाही. "नवरदेव," रंगारी बघताक्षणी म्हणाला. "मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या." डॉक्टर आत बसले ते उतरेनात. तक्ता त्यांनी गाडीतच ठेवला होता.

"गुण किती पडले याला?" मिस्त्रीने विचारलं.

"गुण कसले बघता मिस्त्री, रूप बघा!"

मिस्त्रीने दिवसभर नवरदेव तपासला. एक दोष सापडेना. दारं बोटाने ढकलली की बसत होती. चाकं आत-बाहेर लोण्यासारखी. सिलिंडरमध्ये हवा भरून बघितली, कुठे गळती नाही. मालकाने विमान उडवलं कमी आणि मिरवलं जास्त, असं दलाल कौतुकाने सांगत होता. बऱ्याच महिन्यांत त्याने जमीन सोडली नव्हती. मिस्त्रीच्या कानाला ते खटकलं. उभं राहिलेलं इंजिन आतून गंजतं.

राहिला तेलाचा फिल्टर. तेल ज्यातून गाळून इंजिनात फिरतं तो डबा. लोक तो काढतात आणि टाकतात. मिस्त्री तो कापून आतला घडीचा कागद उलगडून बघायचा. त्याने फिल्टर काढला, ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभा राहिला. आज नाही कापला तर कोण विचारणार आहे? रविवार जवळ आलाय. डॉक्टर खूश. दलाल खूश. बायको...

"काय रे, डबा बोलतोय का तुझ्याशी?" रंगारी म्हणाला.

"तू गप रंग लाव."

त्याने फिल्टर कापला. कागद उलगडून उजेडात धरला. घड्यांमध्ये बारीक चमक होती. इकडे एक, तिकडे दोन, मग बघेल तिकडे.

चालेल म्हणणं तर गेलंच. पण थांबा म्हणायलाही तोंड उघडेना. गेल्या आठवड्यात हीच चमक दिसली असती तर त्याने डोळे मिटून थांबा म्हटलं असतं. आता त्याला स्वतःचाच भरवसा वाटेना. ही चमक इंजिनाची की आपल्या मनाची? नवं इंजिनही थोडी चमक टाकतं. हे थोडं आहे की फार? इतकी वर्षं हाताला जे कळत होतं ते बायकोच्या एका वाक्याने पुसून टाकलं होतं. मिस्त्रीला तिचा राग आला, स्वतःचा आला, डॉक्टरांच्या चकचकीत बुटांचाही आला. त्याने कागद वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दुपारीच घर गाठलं.

बायको मशीनवर होती. त्याने पुडकं तिच्यापुढे सोडलं.

"हे काय? तेल कशाला आणलंत माझ्या कापडात!"

"कापड बाजूला घे. तुझा लोहचुंबक कुठंय?"

सांडलेल्या टाचण्या गोळा करायला तिच्याकडे दोरीला बांधलेला चुंबक होता. तिने तो मशीनच्या खिळ्यावरून काढला. मिस्त्रीने कागद थोड्या रॉकेलमध्ये खंगाळून बशीत काढला आणि म्हणाला, "फिरव."

तिने चुंबक बशीवरून फिरवला. उचलला तेव्हा त्याला दाढी आली होती. बारीक, काळसर, टोकदार. तिने तो खिडकीशी नेला, चष्मा वर केला, डोळे बारीक केले.

"पोलाद आहे," ती म्हणाली. "सुईसारखं."

"इंजिनाच्या आतला दांडा आहे. कॅम म्हणतात. उभा राहून गंजला आणि आता खरवडला जातोय."

"हे तर बंद पडणार."

"आज नाही. कधीतरी."

"वर असताना?"

मिस्त्रीने खांदे उडवले. तेच तर कुणाला सांगता येत नाही.

"मग मला कशाला दाखवायला आणलंत? हे थांबाच आहे. आंधळ्याला दिसेल."

"तूच म्हणालीस ना, मी उगाच..."

"मी याला उगाच म्हटलं का?" तिने चुंबक पुसला. दाढी वर्तमानपत्रात पडली. तिने खुर्ची वळवली आणि साध्या आवाजात विचारलं, "छत्रीच्या दाराला किती वेळ लागला असता?"

"बिजागरीखाली पातळ पत्री घालायची, खिटी घासायची, रबर नवं. अर्धा दिवस."

"झडपेला?"

"त्याहून कमी."

"आणि ते भोकांचं?"

"नवा रूळ टाकायचा."

बायकोने चुंबक खिळ्यावर अडकवला. तिने कापड पुढे ओढलं आणि एक लांब शिवण घातली, टोकापासून टोकापर्यंत. बोलली असती तर बरं झालं असतं. मिस्त्री उभ्या उभ्या बशीकडे बघत राहिला. मग त्याने फोन उचलला.

"डॉक्टर, नवरदेव नको. इंजिन आतून खातंय."

पलीकडून मोठा उसासा आला. "तुमचा नंबर दिसला तेव्हाच कळलं मला."

"छत्री घ्या."

"कुठली छत्री?"

"पहिली. आपलीच."

"जिला तुम्ही नाही म्हणालात?"

"दार मी बसवून देतो."

"मिस्त्री!" डॉक्टरांचा आवाज चढला. दाताचे डॉक्टर असा आवाज चढवत नसावेत, गिऱ्हाईक पळेल. "मी इतके महिने तक्ते करतोय. का करतोय? हौस आहे मला? तुम्ही थांबा म्हणालात की माझा धीर सुटतो. मग मी गुण देत बसतो. बायको म्हणते दात काढायचे सोडून गुण काढत बसलात. आणि आता म्हणता दार बसवून देतो? हे तेव्हा नाही म्हणता आलं?"

"नाही आलं."

एवढ्या सरळ उत्तरावर डॉक्टरांना पुढे ओरडता येईना. "विकलं गेलं असेल हो ते," ते रडवेल्या सुरात म्हणाले. "इतकं चांगलं विमान कोण ठेवतंय?"

डॉक्टरांनी दलालाला विचारलं, पण दलालाचा फोन मिस्त्रीलाच आला, आणि तो नमस्कार न करताच सुरू झाला.

"विकलं? कसं विकणार? जो येतो तो विचारतो, मिस्त्रीने का नापास केलं. मी सांगतो, दारामुळे. कुणाला पटतं का? म्हणतात, नुसत्या दारासाठी तो माणूस नाही म्हणेल होय? आत काहीतरी मोठं असणार, तुम्ही लपवताय. चांगलं विमान माझ्या उरावर बसलंय! तुमच्या एका शब्दाने! दार काढून फेकून द्यावंसं वाटतं मला!"

"दार फेकू नका," मिस्त्री म्हणाला. "उद्या आणा."

फोन ठेवला तेव्हा बायकोची शिवण थांबलेली होती. तिला दलालाचा आवाज शब्दन्शब्द ऐकू आला होता. तो माणूस तसाच बोलायचा. ती हसली नाही, एवढे उपकार केले.

"धाकटीला काय सांगू?" तिने विचारलं.

"येतोय म्हणून सांग."

"नक्की?"

"अगं सांग ना! आता काय लिहून देऊ?"

दार अर्ध्या दिवसात झालं नाही. पत्री एकदा जाड झाली, एकदा पातळ. खिटी घासताना ती केसभर कमी की केसभर जास्त, या वादात मिस्त्रीने स्वतःशीच दुपार घालवली. रंगारी दोनदा येऊन "आता बसतंय की" म्हणून गेला आणि दोनदा शिव्या खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी दार एका बोटाने ढकललं आणि दोन्ही खिट्या एकदम, एकाच आवाजात बसल्या. मिस्त्रीने ते उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. मग जाऊन हात धुतले.

छत्री डॉक्टरांच्या जागेत उभी राहिली. मिस्त्रीने ट्रे पायाने सरकवून तिच्या इंजिनाखाली नेमका आणला. काम सोडल्याचं हँगरच्या मालकाला सांगून झालं होतं. डॉक्टर आत बसले, त्यांची बायको शेजारी, लाल मुठीकडे नजर ठेवून. दलाल लांब उभा होता, अजून कशाचा भरवसा नसल्यासारखा. डॉक्टरांनी पंखा फिरवायला हात पुढे केला आणि मिस्त्रीचा हात वर गेला.

"थांबा."

"मेलो," दलाल म्हणाला.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मिस्त्री वाकला, चाकापुढचा लाकडी ठोकळा काढला, जो डॉक्टर काढायला विसरले होते, आणि बाजूला झाला. "चालेल," तो म्हणाला. रंगारी म्हणाला की हा शब्द त्याच्या तोंडून इतका स्पष्ट पहिल्यांदाच ऐकला. छत्री गेली. चहा पिऊन, बोलल्याप्रमाणे, पाव तास आधी परत आली.

खोली मिळाली. केस कापणारीने दोन दुकानं सोडून पलीकडे जागा घेतली आणि धाकटीने ताईला ते पुरतं ऐकवलं. रस्त्यावरचं दार, दोन बाजूंचा उजेड, सगळं सांगितल्यासारखंच होतं. मोठं टेबल मिस्त्रीने स्वतः बनवलं. मधोमध ठेवलं. बायकोने त्यावर कापडाचा अख्खा तागा सोडला. आयुष्यात पहिल्यांदा तो पूर्ण पसरला आणि टेबल संपलं नाही. ती क्षणभर नुसती बघत राहिली. मग कात्री उचलली.

"थांब," मिस्त्री म्हणाला.

तो गुडघ्यावर बसला होता. टेबलाचा एक पाय हलत होता, किंचित, फरशीच्या दोषाने. "हा पाय काढावा लागेल. घासून, नीट मापात घेऊन पुन्हा..."

बायकोने खाली बघितलं. चिंध्यांच्या टोपलीतून एक चिंधी उचलली, दुमडली आणि पायाने पायाखाली सरकवली. टेबल हलायचं थांबलं.

"चिंधी!" मिस्त्री म्हणाला. "अगं, चिंधी घालतात का?"

कात्री केव्हाच चालू झाली होती.